फोटो तुमचा, हक्क कोणाचा? फोटोग्राफरांनो, या चुका टाळा

लग्नाची ऑर्डर झाली, अल्बम पोचला, पैसेही मिळाले. मग त्यातला एक झकास फोटो तुम्ही आपल्या पेजवर टाकता आणि नवरीकडून फोन येतो, "न विचारता टाकलाच कसा?" इथे 'क्लिक मी केला, म्हणजे फोटो माझा' हे चालत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळं काही ठरलं नसल्यास पहिला मालक तोच. तुम्ही फक्त कर्ते. बहुतेक स्टुडिओंच्या पावतीवर 'एकदा दिलेला अॅडव्हान्स परत मिळणार नाही' एवढंच असतं. त्याखाली आणखी एक ओळ छापा : 'फोटोंचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील, ग्राहकाला घरगुती वापराची मुभा.' शूटच्या आधी पार्टीची सही घ्या. तोंडी ठरलेलं सिद्ध करताना नाकी नऊ येतात. चेहरे जाहिरातीत वापरायची परवानगी मात्र वेगळी लिहून घ्या; कॉपीराइट हातात असला तरी ती आपोआप मिळत नाही.

हौसेने काढलेल्या फोटोचे मालक अर्थात तुम्हीच, नोंदणीही सक्तीची नाही. असा फोटो विकताना हक्क लेखी द्या आणि मुदत लिहा. ती लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही फोटो फुकट वापरायची मुभा, उत्साहाच्या भरात लावू नका. एकदा दिला की मागे घेता येत नाही. फोटो साइटवरून काढलात तरी ज्यांनी आधी घेतला त्यांचा हक्क राहतो. 'व्यावसायिक वापर नको' हा पर्याय सुरक्षित वाटतो खरा, पण तसा फोटो विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाचं चित्रभांडार, घेत नाही. किल्ल्याचा फोटो मराठी विकिपीडियावर दिसावा असं वाटत असेल, तर 'बाय-एसए' निवडा : नाव द्यायचं, बदललेलं चित्र त्याच परवान्याखाली ठेवायचं. अशा फोटोखाली कोणी तुमचं नाव टाकलं नाही, तर आधी साधा मेल करा. अट मोडली की त्यांचा परवाना संपतो, पण परवान्याच्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली की तो पुन्हा लागू होतो.

सरळ चोरीच असेल, तर भांडायच्या आधी तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, पानाचा पत्ता आणि मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, प्रक्रिया न केलेली) जपा. मेल गेला की समोरचा फोटो उडवतो. मग दाखवायला काही उरत नाही.

आणि भिंतीवरचं म्युरल? चौकातल्या पुतळ्याचा फोटो काढून छापायला कायद्याची सूट आहे, रंगवलेल्या चित्राला ती नाही. कॅलेंडरवर छापायचं असेल तर चित्रकाराला विचारा.