दुसऱ्या विषयाची डिग्री करताना फिलॉसॉफीचा पेपर कसा झेपवायचा

आधी एक गोष्ट, हा विषय काही बाहेरून येऊन बसलेला नाहीये, पीएचडीमधलं 'पीएच' म्हणजे फिलॉसॉफीच, आणि न्यूटनच्या १६८७ च्या पुस्तकाच्या नावातसुद्धा 'निसर्गाचं तत्त्वज्ञान' असंच आहे, त्यामुळे सायन्सवाल्यांनी नाक मुरडू नये.

पेपर निवडताना लॉजिक (युक्तिवाद बरोबर आहे का ते तपासणं) किंवा एथिक्स (योग्य-अयोग्याचा विचार) यांपासून सुरुवात करा. 'तत्त्वज्ञानाचा इतिहास' टाइप पेपर पहिलाच घेतलात तर नुसती नावं आणि सालं पाठ कराल, हाती काही लागणार नाही.

आता वाचन. इथेच सगळे आपटतात. दहा पानांना दोन तास लागले तरी टेन्शन घेऊ नका, तेवढे लागतातच. पहिल्यांदा फक्त एवढंच शोधा की लिहिणारा माणूस नेमकं काय सिद्ध करायला निघालाय, मग दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन त्याची कारणं एकाखाली एक लिहा, आणि कुठली पायरी गाळून तो पुढे उडी मारतोय ते बघा. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं १६४१ चं 'मेडिटेशन्स' हे पुस्तक यासाठी बेस्ट, छोटं आहे आणि शंका घेत घेतच पुढे जातं.

निबंधात 'अमका असं म्हणतो' एवढ्यावर थांबू नका. तुमचा मुद्दा लिहा, मग त्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप स्वतःच काढा (मुद्दाम लेचापेचा आक्षेप घेऊन पाडू नका, तपासणाऱ्याला लगेच कळतं) आणि मग उत्तर द्या.

नोट्सचे गठ्ठे जमवण्यापेक्षा वाद घालणारा एक मित्र शोधा.