कापडाखालचे बुडबुडे आणि होडीच्या तळाचं फिनिशिंग

प्लायवूडच्या होडीच्या तळावर फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) चढवलं, आणि ऊन वाढलं तसे कापडाखाली पांढुरके फुगे दिसू लागले. लाकूड तापलं की त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या रेझिनमधून वर येते. रेझिनला दोष देण्यात अर्थ नाही.

लहान फुग्यांना दोन बाजूंनी बारीक भोकं पाडली. एकातून सिरिंजने इपॉक्सी भरलं, दुसऱ्यातून हवा गेली. मोठे फुगे मात्र सरळ कापून काढले, कडा घासून उतरत्या केल्या आणि ठिगळ लावलं. उरलेल्या बाजूला आधी नुसत्या इपॉक्सीचा पातळ हात दिला, तोही दुपार कलल्यावर. लाकूड थंड होत असताना हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर रेझिनही मुरतं.

घासण्याआधीची एक गोष्ट बरेच जण टाळतात. घट्ट झालेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून साधं पाणी आणि घासणी पुरे. न धुता पॉलिशपेपर फिरवला तर कागद लगेच भरतो, शिवाय पुढचा हात नीट धरत नाही.

नंतर विणीचे खळगे बुजेपर्यंत इपॉक्सीचे हात, खोलगट जागी मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पूड) मिसळलेल्या इपॉक्सीची पुट्टी, आणि लांब पट्टीवर कागद लावून तिरकं घासणं. हे काम कंटाळवाणं आहे, पण घासताना कापडाचे धागे कापले जाऊ नयेत. मास्क हवाच. शेवटी रंग: उघडं इपॉक्सी उन्हात टिकत नाही.