लुकलुकणारा दिवा दिसला, तर तो कसा वाचायचा

नाशिकरोड, देवळाली, ओढा, कुठल्याही स्टेशनच्या मुख्य सिग्नलवर लुकलुकणं हा इशारा म्हणून येत नाही. आपल्याकडच्या चार ॲस्पेक्टच्या (चार संकेत दाखवणाऱ्या) सिग्नलला लाल, एक पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा एवढंच बोलता येतं, आणि चारही स्थिर दिव्यांनी. म्हणून एखादा लुकलुकताना दिसलाच तर आधी आपली नजर तपासा. धावत्या गाडीतून पाहताना ओव्हरहेड वायरचे खांब एकामागून एक आड येतात आणि स्थिर दिवाही मिचकावतो असं वाटतं. मोबाइलच्या व्हिडिओत एलईडी दिवे फडफडताना दिसतात, त्यावरही विसंबू नका.

फलाटावर एका जागी उभं राहून, नजर न हलवता, पाच-सहा वेळा दिवा लागून विझेपर्यंत पाहा. ठेका सारखा असेल तर ते मुद्दाम केलेलं लुकलुकणं, आणि आपल्याकडे ते गाड्यांवरच्या दिव्यांचं असतं, सिग्नलचं नाही. मध्येच पटपट, मध्येच मंद, मध्येच गायब, असं असेल तर तो बिघाड, बहुतेक वेळा सैल जोडणीचा किंवा कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजचा. अशा सदोष सिग्नलचा सर्वांत कडक अर्थ धरायचा, हा लोको पायलटसाठी नियम आहे. स्टॉप सिग्नल (जिथे गाडी थांबवता येते तो) असेल तर लाल समजायचं, डिस्टंट (पुढच्या स्टॉप सिग्नलची आगाऊ सूचना देणारा) असेल तर पिवळा. ‘मघाशी हिरवा दिसला होता’ हे कारण चालत नाही.

इंग्लंडमध्ये लुकलुकणाऱ्या पिवळ्याला स्वतःचा अर्थ आहे. पुढे वेगात घेता येणाऱ्या सांध्यावरून (रूळ बदलण्याच्या जागेवरून) गाडी दुसऱ्या मार्गाला वळणार असेल, तर आधी दोन पिवळे लुकलुकतात, पुढच्या सिग्नलला एक पिवळा लुकलुकतो, मग सांध्याचा सिग्नल येतो. यातली खुबी अशी की लुकलुकणं स्थिर दिव्यापेक्षा सैल आहे. दिवा लुकलुकवणारी यंत्रणा अडकून तो लागलेलाच राहिला, तर चालक त्याला साधा पिवळा समजून जास्त ब्रेक लावतो. वेळ जातो, धोका होत नाही. फ्रान्सचा लुकलुकणारा हिरवा याच्या उलटा आहे. तो १६० किमीपेक्षा जास्त वेगाच्या गाडीला १६० वर यायला सांगतो, म्हणजे स्थिर हिरव्यापेक्षा कडक.

आपल्याकडे ठेक्यात लुकलुकतात ते गाड्यांवरचे दिवे. शेवटच्या डब्याचा लाल टेल लॅम्प दिसला, म्हणजे गाडी अख्खी पार झाली. रात्री तो दिसलाच नाही, तर स्टेशनमास्तरने गाडी मध्ये तुटून डबे मागे राहिले असावेत असंच धरायचं, आणि खात्री होईपर्यंत सेक्शन (दोन स्टेशनांमधला मार्ग) मोकळा झाल्याचं मागच्या स्टेशनला कळवायचं नाही.

दुसरा दिवा इंजिनावरचा पिवळा फ्लॅशर, आणि जिवावर बेतणारी चूक याच्याबाबतीत होते. गाडी घसरली, तुटली किंवा शेजारच्या मार्गावर काही पडलं, की समोरून येणाऱ्याला थांबवण्यासाठी तो लावतात. बऱ्याच इंजिनांत ब्रेक पाइपातला दाब अचानक उतरला की तो आपोआप लागतो, म्हणून कुणी नुसती साखळी ओढली तरी दिसतो. त्यामुळे ‘साखळीच असेल’ असं मानून पुढे जाण्याचा मोह होतो. तो टाळायचाच. कसारा-इगतपुरी घाटात मार्ग तीन, वर वळणं आणि बोगदे, समोरचं उशिराच दिसतं. फ्लॅशर दिसताच गाडी अलीकडे थांबवायची, त्या गाडीच्या चालकाकडून आपला मार्ग मोकळा असल्याचं कळून घ्यायचं, मगच सावकाश निघायचं. ड्युटी घेताना फ्लॅशर लावून पाहायचा, तोही केबिनमधून न पाहता खाली उतरून समोरून. आतलं बटण दाबलं गेलं म्हणजे बाहेर दिवा लागलाच असं नाही.

आणि नुसत्या दिव्यावर काम भागत नाही. शेजारचा मार्ग अडला असेल तर ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक डेटोनेटर (रुळावर ठेवायचा, चाकाखाली फुटणारा फटाका), १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतरावर तीन, हे लावायला माणूस धाडावाच लागतो. वळणापलीकडच्या चालकाला फ्लॅशर दिसत नाही, रुळावरचा आवाज मात्र ऐकू येतो.