जुन्या चिमणीला बुखारी जोडताना

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा पाच अंशांखाली गेला की शहराच्या लश्कर भागातल्या दगडी घरांतून आणि मुरारच्या जुन्या बंगल्यांतून विचारणा सुरू होते: फायरप्लेस आहेच, तिच्या चिमणीला बुखारी जोडून द्याल का? या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे, मग तुम्ही सिव्हिलचा डिप्लोमा करून आलेले असा किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात हात बसलेले. बुखारी, म्हणजे लाकडावर चालणारा बंद लोखंडी स्टोव्ह, जागेवर ठेवून पाइप लावायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो चिमणी तपासायला, आणि ज्याला ती तपासता येत नाही त्याने पाइपला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

तपासणी छतावरून सुरू करा. दोरीला दिवा बांधून आत सोडा. कबुतरांची घरटी आणि ढासळलेल्या विटा सापडतातच. कित्येक घरांत वरचं तोंड पावसासाठी फर्शी टाकून कधीचंच बंद केलेलं असतं, आणि घरच्यांना ते आठवतही नसतं. मग सांधे पाहा. जुनं काम चुना-सुरखीचं, म्हणजे चुना आणि विटांच्या पुडीचं असतं. पेचकसाने खरवडल्यावर भुगा पडत असेल तर त्या सांध्यातून धूर शेजारच्या खोलीत जाणार. खात्रीसाठी खाली ओलं गवत धुमसत ठेवा, वर ओलं पोतं टाका आणि घरातल्या प्रत्येक खोलीत, विशेषतः माडीवर, स्वतः जाऊन भिंती न्याहाळा.

या सगळ्यात सगळ्यात घातक असतं ते लाकूड. जुन्या बांधणीत तुळईचं टोक सरळ चिमणीच्या भिंतीत घुसवलेलं असतं. फायरप्लेस वर्षातून चार दिवस पेटत होती तोवर काही बिघडलं नाही, पण बुखारी रोज तासन्‌तास चालते. सतत तापत राहिलेलं लाकूड वर्षानुवर्षं आतून कोळशासारखं होत जातं आणि मग पूर्वीपेक्षा कितीतरी कमी तापमानाला पेट घेतं. मी एनएफपीए २११ हे अमेरिकन मानक पाळतो. त्यात घराच्या आतल्या चिमणीची बाहेरची बाजू आणि कुठलंही लाकूड यांत २ इंच मोकळी जागा सांगितली आहे. लश्करमधल्या एका घरी प्लास्टर फोडल्यावर तुळईचं टोक काळं पडलेलं दिसलं. घरच्या काकू म्हणाल्या, “अहो, इतकी वर्षं काही झालं नाही.” मी त्यांना ते टोक बोटाने दाबून पाहायला सांगितलं, आणि त्यांनी तिथेच काम थांबवायला होकार दिला. अशा ठिकाणी आधी तुळई कापून वेगळा आधार द्यायचा. बुखारीचा विचार त्यानंतर.

आता माप. बुखारीचा पाइप ६ इंचांचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. चिमणीचं आतलं क्षेत्रफळ याच्या तिपटीहून जास्त नको आणि चिमणी बाहेरच्या भिंतीत असेल तर दुपटीहून. फायरप्लेसचं धुराडं १२ बाय १२ इंचांचं असलं तरी ते १४४ चौरस इंच होतं, म्हणजे पाचपट. एवढ्या जागेत धूर रेंगाळतो आणि थंड होतो. ओढ, म्हणजे धूर वर खेचला जाण्याचा जोर, ही उंची आणि तापमानावर अवलंबून असते: बाहेर ५ अंश असताना ६ मीटर चिमणीत २०० अंशांचा धूर असेल तर साधारण ३० पास्कल ओढ मिळते, तोच धूर ६० अंशांवर आला की जेमतेम १२. शिवाय थंड भिंतीवर क्रिओसोट हा डांबरासारखा थर बसतो. तो पेटला की चिमणीतलं तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि चुन्याचे सांधे तिथे टिकत नाहीत.

म्हणून बहुतेक जुन्या चिमण्यांना स्टेनलेस स्टीलचं अस्तर, म्हणजे आतून सोडलेली सलग नळी, लागते, आणि तीही बुखारीपासून थेट वरच्या टोपीपर्यंत. फायरप्लेसच्या तोंडात पाइप नुसता खुपसून देणारे कारीगर पुष्कळ आहेत; ते स्वस्त पडतं, पण मी ते काम घेत नाही. अस्तराभोवतीची पोकळी व्हर्मिक्युलाइटने, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या हलक्या खनिजाने, भरली की धूर गरम राहतो. चिमणी छताच्या वर निदान ३ फूट हवी आणि १० फुटांच्या आतल्या कुठल्याही भिंतीपेक्षा किंवा पाण्याच्या टाकीपेक्षा २ फूट उंच.

जोडपाइप काळ्या पत्र्याचा, ६ इंचाला २४ गेजचा किंवा त्याहून जाड घ्या. दुकानदार जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, पुढे करेल. तो नको, कारण तापल्यावर जस्ताचा विषारी धूर सुटतो. पाइपचं निमुळतं टोक बुखारीकडे ठेवा, म्हणजे ओघळलेलं क्रिओसोट सांध्यातून जमिनीवर न गळता परत आत जातं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, चिमणीकडे फुटाला पाव इंच चढ. एकेरी (एकाच पत्र्याच्या) पाइपपासून पडदा, दार, लाकडी छत सगळं १८ इंच लांब. अस्तर नको इतकी चिमणी चांगली असेल तर पाइप चिमणीत शिरतो तिथे भिंतीत फायर-क्लेची (उष्णता सोसणाऱ्या मातीची) नळी बसवा. पाइपचं टोक आतल्या बाजूला बरोबर भिंतीशी सपाट यावं, पुढे डोकावलं तर धुराची वाट अडते. सांध्यात साधं सिमेंट भरू नका, ते उष्णतेने तडकतं. आणि एका धुराड्याला एकच बुखारी.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपल्याने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसं दगावतात, म्हणून त्याचा अलार्म मी बिलातच धरतो आणि ताजी हवा यायला वाट ठेवल्याशिवाय पहिली आग लावत नाही. लाकूड बाभळीचं चालेल, पण २० टक्क्यांहून कमी ओलीचं. ओल मोजायचं छोटं यंत्र जवळ बाळगा. सफाईसाठी दिवाळीच्या आसपास फेरी ठरवून टाका. आत ३ मिलिमीटरचा थर दिसला की ब्रश फिरवायचा, ग्राहक उन्हाळ्यानंतर बघू म्हणाला तरी.