जुन्या पोथीत दडलेले देव: नागपुरात जुनी चित्रकार्डं कशी शोधावी

देवाचा फोटो सहसा कुणी रद्दीत घालत नाही. जीर्ण झाला की पिंपळाच्या पारावर ठेवतात, देवळात नेऊन देतात, नाहीतर विसर्जन करतात. म्हणून कबाडीच्या दुकानात ‘जुनी धार्मिक कार्डं आहेत का?’ असं विचारलं तर बहुतेक वेळा ‘नाही’ हेच ऐकू येईल. कार्ड ज्या वस्तूत दडून येतं ती वस्तू मागा: जुनी पोथी, हिशेबाची चोपडी, फुटक्या काचेची फ्रेम, पत्र्याची पेटी. आणि ‘कार्ड’ म्हणू नका, ‘देवाचे जुने फोटो’ म्हणा. दुकानदार याच शब्दाने ओळखतो.

महाल आणि इतवारीतले जुने वाडे रिकामे होतात तेव्हा त्यातलं सामान कबाडी, जुन्या फर्निचरचे दुकानदार आणि फ्रेमवाले यांच्याकडे पांगतं. यातले फ्रेमवाले सगळ्यात महत्त्वाचे. गिऱ्हाईक नवी फ्रेम करून नेतं, जुनी तिथेच सोडतं, आणि त्या फ्रेममागे आधार म्हणून दोन-तीन जुनी चित्रं एकावर एक घातलेली असू शकतात. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे हरिपाठ, गुरुचरित्र, जुनी पंचांगं चाळा. खूण म्हणून ठेवलेलं कार्ड तिथे सापडतं. पुस्तक कण्याला धरून झटकू नका, कोरडा कागद तडकतो. पानं अंगठ्याने हळू सोडत जा. दिवाळीआधीच्या साफसफाईचे दोन-तीन आठवडे फेऱ्या वाढवा. पारावर ठेवलेलं काही हवं असेल तर पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. ते कुणीतरी श्रद्धेने ठेवलेलं असतं.

नागपूरच्या ‘सदर’ नावाच्या वस्तीतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकांकडेही लक्ष असू द्या. नागपुरात फ्रान्समधल्या आन्सीच्या मिशनऱ्यांनी काम उभं केलं, सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची आहे. त्यामुळे जाळीदार कागदी किनारीची, फ्रेंच मजकुराची संतांची छोटी चित्रं इथे निघू शकतात. ती किनार श्वासानेही हलते. चिमट्याने उचलू नका, खाली जाड कागद सरकवून घ्या.

सोबत एवढं ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी पट्टी, नोटा तपासायचा जांभळा टॉर्च, पोस्टकार्डापेक्षा मोठे दोन जाड पुठ्ठे आणि काही कागदी पाकिटं.

आधी मोजा. जुनं चित्रमय पोस्टकार्ड साधारण साडेतीन बाय साडेपाच इंच भरतं. पूर्ण चार बाय सहा असेल तर ते बरंच अलीकडचं असण्याची शक्यता मोठी. मग भिंग लावा आणि लक्ष्मीच्या पदराचा काठ पाहा. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या जुन्या छपाईत, रंगाचे ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, कणीदार दिसतात. लाल रंग कुठे कमळाच्या पाकळीबाहेर केसभर सांडलेला असतो, कारण प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि कागद प्रत्येक वेळी नेमका तिथेच बसत नसे. नंतरच्या ऑफसेट छपाईत एकसारख्या ठिपक्यांची नक्षी रांगोळीसारखी गोल गोल फिरते. काठावर अशी रांगोळी दिसली तर कार्ड कितीही तपकिरी असो, ते शिळाछाप नव्हे. चहात बुडवून कागद जुना करणारे असतातच. तिथे डाग दोन्ही बाजूंनी सारखा उतरतो. खरं वय कडांवर जास्त आणि मध्ये कमी दिसतं. शेवटी अंधाऱ्या कोपऱ्यात जांभळा टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि ते १९५० च्या सुमारानंतरच कागदात सर्रास आलं. फक्त डिंकाचा डाग चमकत नाही ना, तेवढं बघा.

मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बोलते. नागपूरकरांना तर एक हक्काची खूण मिळाली आहे: पत्ता. ‘नागपूर, सी. पी.’ (म्हणजे इंग्रजी अमदानीतला मध्य प्रांत) असेल तर साधारण १९५० पूर्वीचं. ‘मध्य प्रदेश’ असेल तर १९५० ते ५६, कारण तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होतं. मुंबई राज्य म्हटलं असेल तर १९५६ ते ६०. लोक जुनं नाव काही काळ लिहीत राहतात, म्हणून शिक्का आणि तिकीट जुळवून पाहा. तिकिटावर ‘नये पैसे’ असतील तर १९५७ च्या एप्रिलनंतरचं, पिनकोड असेल तर १९७२ च्या १५ ऑगस्टनंतरचं. छापणाऱ्याचं नाव तळाशी बारीक अक्षरात असतं. चित्रकार राजा रविवर्मांचा रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, त्यामुळे ‘कार्ले-लोणावळे’ असेल तर ते नंतरचं. देवांची चित्रं छापून विकणाऱ्या ब्रिजबासींचा कराचीचा पत्ता असेल तर फाळणीपूर्वीचं. मात्र हे ध्यानात ठेवा: शिक्का कार्ड केव्हा पाठवलं ते सांगतो, छापलं केव्हा ते नाही. वीस वर्षं दुकानात पडून राहिलेलं कार्डही कुणीतरी पोस्टात टाकतं.

गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाची गोल, हाताने रंगवलेली पानं दिसली तर मोजा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पानं. सावंतवाडीत ती आजही बनतात, तेव्हा हाताने रंगवलेलं म्हणजे जुनंच, असं धरू नका. जुन्या पानांच्या कडेला लाख उडालेली आणि बोटांनी गुळगुळीत झालेली असते.

आता सगळ्यात मोठी चूक. फ्रेममधलं चित्र काचेला चिकटलेलं असतं, कारण पावसाळ्याची ओल आत शिरते आणि रंगाचा थर काचेवर बसतो. दुकानदार उत्साहाने ‘काढून देतो’ म्हणेल. काढू देऊ नका. देवीचा चेहरा काचेवर राहतो आणि हाती पांढरा कागद येतो. काचेसकट घ्या, भाव त्यानुसार करा. जुनी सेलोटेप दिसली तरी नखाने उकलू नका. कुंकू, हळद, तेलाचा डाग पाण्याने पुसू नका, कुंकू पसरतं.

घरी आणल्यावर पंधरा दिवस बाकी संग्रहापासून दूर, कागदी पाकिटात ठेवा. बुरशी आणि कसर तोवर दिसून येते. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. बाजारातल्या मऊ प्लास्टिकच्या अल्बमलाही रंग चिकटतो. पाकिटात मध्ये पातळ कागद घालून आडवं ठेवा, डब्यात वेखंडाची पुरचुंडी टाका. नागपूरच्या उन्हाळ्यात तो डबा गच्चीखालच्या माळ्यावर नको, गाडीत तर मुळीच नको: कागद कुरकुरीत होतो आणि पहिल्याच घडीला मोडतो.

शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला गिऱ्हाईक चांगला भाव देत असेल तर हे आधी पाहून घ्या. आणि कार्ड ज्या पोथीतून निघालं तिचं नाव, घेतल्याची तारीख आणि मोहल्ला एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून त्याच पाकिटात ठेवा, कार्डावर नव्हे.