व्हॅरोआ माइट: आधी मोजा, मग औषध द्या

मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाश्या. त्यांच्या बहुतेक पेट्यांत व्हॅरोआ, म्हणजे मधमाश्यांवर जगणारा बारीक परजीवी माइट, असतोच. तो किती आहे, एवढेच शोधायचे. दारात पंख मुडपलेल्या माश्या सरपटताना दिसल्या तर बराच उशीर झालेला असतो.

अळीचे घर मेणाने बंद होण्याच्या जरा आधी माइटची मादी आत शिरते आणि तिथेच अंडी घालते. कामकरी माशीचे घर सुमारे 12 दिवस बंद राहते, नराचे 14-15 दिवस. म्हणून नराच्या घरात माइटची पैदास जास्त. बंद घरांत बहुतेक औषधे पोचत नाहीत. उपचार फसतात ते मुख्यतः इथेच.

मोजणी

आधी राणी शोधा आणि ती असलेली चौकट बाजूला ठेवा. ही पायरी गाळू नका, राणी बरणीत गेली तर मोठे नुकसान होते. उघड्या अळ्या असलेल्या चौकटीवरून अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण 300, रुंद तोंडाच्या बरणीत झाडून घ्या. झाकणाला अशी जाळी हवी की माइट पडेल पण माशी निसटणार नाही. सुमारे 3 मिमीची भोके चालतात. दोन मोठे चमचे कोरडी पिठीसाखर घाला, बरणी मिनिटभर हळूहळू फिरवा आणि दोन मिनिटे सावलीत ठेवा. मग उलटी धरून पांढऱ्या ताटावर मिनिटभर जोरात हलवा. ताटावर थोडे पाणी शिंपडा. साखर विरघळते आणि लालसर तपकिरी, खेकड्यासारखे आडवे रुंद, दीड मिमीचे माइट तेवढे उरतात. माश्या पेटीत परत सोडा.

दमट हवेत साखरेच्या गुठळ्या होतात आणि आकडा खोटाच कमी येतो, तेव्हा कोरड्या दिवशी मोजा. 300 माश्यांमागे 9 माइट म्हणजे 3 टक्के. इतके निघाले तर उपचार लांबवू नका.

उपचार

पेटीत बंद घरे नसताना ऑक्झॅलिक आम्ल उत्तम काम करते. समान भाग साखर-पाण्याच्या 1 लिटर पाकात 35 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल डायहायड्रेट पूर्ण विरघळवा. दोन चौकटींमधल्या माश्यांनी भरलेल्या प्रत्येक फटीत सिरिंजने 5 मिली सोडा. एका पेटीला 50 मिलीपेक्षा जास्त नको. मधाचे मजले आधी काढा, हातमोजे आणि चष्मा घाला. लगेच दुसऱ्यांदा औषध देऊ नका, माश्यांनाच अपाय होतो.

बंद घरे असतील तर राणीला 24 दिवस जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, कामकरी माश्या तिला भरवतील. तोवर नरांसकट सगळी पिल्ले बाहेर पडतात आणि माइटना लपायला जागा उरत नाही. मग औषध द्या.

फॉर्मिक आम्लाची वाफ बंद घरांतही शिरते, पण पारा 30 अंशांच्या आसपास गेला की राणी दगावू शकते. नरांची पोळी कापून टाकणे हा बिनऔषधी मार्ग. मात्र अंडी घातल्यापासून 24 दिवसांच्या आत कापा. विसरलात तर नरांबरोबर माइटचीही फौज बाहेर पडेल.

रासायनिक पट्ट्या वापरल्यास वेष्टनावरच्या मुदतीनंतर काढाच. राहून गेल्या तर अल्प मात्रेला सरावलेले माइट उरतात.

जवळच्या सगळ्या पेट्यांना एकाच वेळी उपचार करा. एखादी कमजोर पेटी कोलमडली की तिथला मध लुटणाऱ्या माश्या माइटही घरी नेतात. औषधाची मुदत संपल्यावर पुन्हा मोजा. आकडा उतरला नसेल तर नुसता ब्रँड बदलून भागत नाही, औषधातला घटक बदला.