कॉलेजची फुटबॉल टीम बांधताय? आधी पोरं कोण निवडणार ते ठरवा

फर्स्ट इयरच्या ॲडमिशन संपल्या की लगेच कामाला लागा, गणपतीनंतर बघू म्हटलंत की संपलं, तोवर बरी पोरं क्लासला नाहीतर जिमला लागलेली असतात. पण नोटीस लावायच्या आधी प्रिन्सिपल सरांसमोर एक ठरवून घ्या. पोरं शोधायला दहा जण चालतील, पण टीम फायनल करणार एकच, जो रोज सकाळी सहाला ग्राउंडवर उभा असतो तो कोच. आमच्याकडे एकदा यादी कमिटीने केली आणि हरल्यावर जाब मला विचारला, बोला आता!

शोधायचं काम सीनियर पोरांना द्या, वाशी, नेरूळ, कोपरखैरणेच्या टर्फवर रात्री कोण खेळतं ते त्यांनाच माहीत असतं. फक्त टर्फवरचा हिरो बघून भुलू नका, तिथे पाच-पाच जण, ऑफसाइड नाही, बॉल जाळीला आपटून परत पायात येतो. मोठ्या ग्राउंडवरचा मोठा गोल मात्र 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. मागे एक कीपर आला, टर्फवर म्हणे भिंत, त्याला मोठ्या गोलमध्ये उभं केलं आणि लांबून वरच्या कोपऱ्यात मारत राहिलो, पाचव्या शॉटला पोरगा बॉल सोडून मागे क्रॉसबारकडे बघत होता. घेतला तरी त्याला, कारण प्रत्येक गोलनंतर बॉल आणायला स्वतःच धावायचा.

ट्रायलला कोनमधून ड्रिबल करायला लावण्यात अर्थ नाही, सरळ मॅच खेळवा आणि बॉल हातचा गेल्यावर कोण मागे पळतं ते बघा.

जिमखान्याच्या सरांकडे बोनाफाईड, मेडिकल, युनिव्हर्सिटीचे फॉर्म. कोचने त्यात पडू नये, पण एखाद्याला केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर घरी फोन कोचनेच करायचा, कारण आईवडील पहिला राग फुटबॉलवरच काढतात. आणि ॲडमिशन घेतोस तर पहिल्या अकरात खेळवतो असलं वचन कुणालाही देऊ नका, सीनियर पोरं असलं फार बोलतात, त्यांना आधीच दम भरा. कोच बाहेरून आणत असाल तर एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स तरी आहे का विचारा, नसेल तर निदान गुडघा सुजलेल्या पोराला बाहेर बसवण्याएवढी अक्कल हवी.

शेवटची यादी ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. ज्यांना घेतलं नाही त्यांना एकेकाला बाजूला घेऊन कारण सांगा, शिव्या खाव्या लागल्या तरी चालतील, पुढच्या जुलैत त्यातलेच दोघं-तिघं परत बूट घेऊन येतात.